बिस्किटांच्या डब्यातली नावं

सिंदी सोडली त्या सकाळी आईचं टोपलं माझ्या डोक्यावर होतं. वांगी, मेथी आणि वर ओल्या फडक्याखाली सांभार, म्हणजे कोथिंबीर. आठवड्यातून दोनदा आई पॅसेंजरनं वर्ध्याला भाजी विकायला जायची आणि टोपलं वाहायला मी सोबत असायचे, त्यामुळे रस्त्यात कोणाला काही वेगळं दिसलं नाही. वेगळी होती ती फक्त माझ्या खांद्यावरची पिशवी. मला जायचं होतं नागपूरला. नागपूर सिंदीहून उलट्या बाजूला, पण पिशवी घेऊन नागपूरच्या गाडीत चढले असते तर स्टेशनावर चौघांनी विचारलं असतं. म्हणून आधी आईबरोबर वर्धा, आणि तिथून नागपूरची एक्सप्रेस. हा बेत कोणी ठरवला ते मला आजही सांगता येणार नाही. आमच्यात त्यावर एक शब्द झाला नव्हता. आई फक्त आदल्या दिवशी म्हणाली होती, उद्या तूबी चाल.

गाडीभर ती एवढंच बोलली की सांभार सुकून राह्यला. वर्ध्याला उतरल्यावर मी टोपलं तिच्या डोक्यावर चढवून दिलं. तिनं कमरेची पुरचुंडी सोडली, दोन भाकरी आणि ठेचा माझ्या पिशवीत कोंबला, आणि बाजाराच्या दिशेला तोंड करूनच म्हणाली, "येत जाजो. पण वावराकून येजो, बाजारातून नको."

एक्सप्रेस सिंदीला थांबत नाही. घर सोडून दोन तास झाले होते आणि मी खिडकीतून आमचंच स्टेशन मागे जाताना पाहिलं. फाटक बंद होतं. फाटकाशी माझा मोठा भाऊ सायकल धरून उभा होता, गाडी जायची वाट बघत. त्याला मी दिसले नाही. दिसले असते तरी त्यानं हात केला असता असं मला वाटत नाही.

मला कोणी हाकललं नाही, हे आधी सांगून टाकते, कारण आमच्या लोकांच्या गोष्टीत मारहाण असलीच पाहिजे असं ऐकणाऱ्याला वाटतं. दादासाठी मुलीकडचे घर बघायला आले, चहा-पोहे घेऊन गेले आणि परत फिरकले नाहीत. पोरगा चांगला आहे, पण धाकटा 'तसा' आहे, असं कोणीतरी सेलूच्या बाजारात त्यांच्या कानावर घातलं होतं. तो धाकटा म्हणजे मी. त्यानंतर घरात कोणी आवाज चढवला नाही. बाबा जेवायला शेजारी बसत, पण माझ्या ताटाकडे बघत नसत. दादा माझ्या आधी अंघोळ उरकून वावरात निघून जायचा. हाकललं असतं तर निदान भांडायला जागा होती. आमच्या घरात भांडणं कमी आणि समजूतदारपणा फार. त्या समजूतदारपणानंच मला बाहेर काढलं.

नागपुरात मी एका गुरूच्या घरी राहिले. सगळ्या तिला अम्मा म्हणत. दोन खोल्या, आम्ही सात जणी, दिवसभर हिंदी. टाळी कशी वाजवायची, दुकानदारापुढे कुठवर उभं राहायचं, पोलीस दिसला की कोणत्या गल्लीत वळायचं, हे सगळं हिंदीतच शिकले. रंजना हे नाव तिथेच घेतलं. अम्मा तोंडाची फाटकी आणि मनानं सावध बाई होती. ती म्हणायची, 'घर को याद करना है तो काम करते करते कर, बैठ के मत कर.' मी बसूनच करायचे. वर्षातून दोन-तीनदा सिंदीला जायचे, आईनं सांगितलं होतं तशीच, वावराकडून. वावरात, म्हणजे आमच्या शेतात, विहिरीवरच्या मोटारीची खोली आहे. तिथे खिळ्याला एक शर्ट आणि पँट टांगलेली असायची. आई ते कपडे धुऊन, वाळवून ठेवायची. मी साडी पिशवीत घालायचे, केस टोपीखाली दडवायचे आणि मुलगा होऊन घरी जेवायला जायचे. जेवण झालं की परत मोटारीच्या खोलीत. मला त्याचा राग यायचा नाही. शर्टाला इस्त्री नसायची पण घडी नीट असायची, आणि तेवढ्यावर मी महिने काढायचे. आज हे लिहिताना मात्र राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

अम्मा गेल्यावर घर फुटलं, ज्या त्या चेल्या आपापल्या वाटेनं गेल्या. मी वर्ध्याला आले. लोकांना सांगायचे की नागपूरची हवा मानवत नाही. खरं एवढंच की वर्धा सिंदीपासून तासाभराच्या आत आहे आणि भाजीबाजारात आई आठवड्यातून दोनदा दिसायची. मी तिच्यापुढे गिऱ्हाईक म्हणून उभी राहायचे. ती वांगी मोजून द्यायची, वर एक जास्तीचं टाकायची. आजूबाजूला सिंदीच्या बायका बसलेल्या, त्यामुळे बोलणं नाही. मी इतकी वांगी आयुष्यात कधी खाल्ली नव्हती.

नालवाडीत पिठाच्या चक्कीमागे एक लांबट खोली मिळाली. चक्कीवाल्या काकूंना भाडेकरू मिळत नव्हता, कारण भिंतीला दिवसभर थरथर आणि सगळ्यावर पिठाचा थर. त्यांनी आम्हाला ठेवून घेतलं, आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायच्या, तुमचं काय जाते, दळण तर माह्याकूनच नेता न. सुरुवातीला आम्ही तिघी होतो. मी, हिंगणघाटची सोनल आणि सेलूकडच्या एका खेड्यातली शेवंती. सोनल विशीतली, तिखट, कोणाचं ऐकून न घेणारी. शेवंती तिच्याच वयाची पण आवाज इतका हळू की चक्की चालू असली की तिचं बोलणं ओठांवरून वाचावं लागे. घरच्यांची पालेभाजीची शेती, अगदी आमच्यासारखी. घरी तिनं सांगितलं होतं की वर्ध्यात कंपनीत पॅकिंगला आहे.

संस्था वगैरे काही नव्हती. दर गुरुवारी दुपारी खिचडी करायची आणि ज्याला यायचं त्यानं यावं, एवढंच. कोणी रक्त तपासून घ्यायला घाबरायची, तिच्यासोबत दुसरी जायची. कोणाला ओळखपत्राचा फॉर्म भरता यायचा नाही, तो मी भरायचे, कारण बारावीपर्यंत शिकलेली मीच. हळूहळू आर्वीहून, देवळीहून लोक यायला लागले. पुलगावचा एक जण आला, ज्याला घरचे अजून मुलगी म्हणतात आणि जो आमच्यात सगळ्यात कमी बोलतो. दारात चपला मावेनात तेव्हा काकूंनी पायरीवर जुनं पोतं अंथरलं. त्या पोत्यावरच्या चपला बघून मला वाटायचं की आपण काहीतरी उभं केलं. माणसाला असं वाटायला लागलं की देव हसतो म्हणतात, ते उगीच नाही.

आमचे दोन नियम मात्र पहिल्यापासून होते. एक घरच्या फोनचा. कोणाच्याही घरून फोन आला की खोलीत सगळ्यांनी गप्प व्हायचं. कुकरखालचा गॅस बंद, मोबाइलवरचं गाणं बंद, बांगड्यांचे हात मांडीवर. कारण फोनवर बोलणारी त्या वेळी कोणाचा तरी मुलगा असायची. सोनलचा आवाज एकदम जाड व्हायचा, हो बाबा, ड्युटीवर हाय, आणि तिचं संपेपर्यंत दहा-बारा जणी श्वास धरून बसायच्या. फोन ठेवला की आधी हसू, मग कोणीतरी उठून गॅस पुन्हा पेटवायची.

दुसरा नियम डब्याचा, आणि तो एका वाईट दिवशी झाला. आमच्यातल्या एकीला रस्त्यावर गाडीनं उडवलं. आम्ही तिला दवाखान्यात नेलं आणि खिडकीवर त्यांनी नाव विचारलं. आम्हाला तिचं एकच नाव माहीत होतं, आधारवर दुसरंच होतं. गाव कोणतं, रक्तगट कोणता, जवळचं कोण, एकाचंही उत्तर आमच्याकडे नव्हतं. ती वाचली, पण त्या दिवसापासून ठरलं की प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहून ठेवायची. जुनं नाव, गाव, रक्तगट, आणि शेवटी एक प्रश्न, काही बरंवाईट झालं तर घरी कळवायचं का. चिठ्ठीची घडी करून पिन मारायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. बाहेरून फक्त हाक मारायचं नाव. चिठ्ठी तशी वेळ आल्याशिवाय उघडायची नाही, आणि उघडायची ती एकीनंच. जुनं नाव चारचौघींत फिरलं तर ते भांडणात बाहेर येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती एक म्हणजे मी. वयानं मोठी, अक्षर बरं, आणि सगळ्यांच्या मते पोटात गोष्ट ठेवणारी. किल्ली माझ्या कमरेला असायची. सोनल चिडवायची, रंजनाताईजवळ सगळ्याइचे मुर्दे जमा हाय.

माझ्या चिठ्ठीत मी दादाचा नंबर लिहिला होता आणि पुढे 'लगेच कळवा'.

त्या वर्षी बाजारात आई दिसेनाशी झाली. एक आठवडा, दुसरा, तिसरा. शेजारी बसणाऱ्या बाईला विचारायचं धाडस झालं नाही, कारण मी कोण म्हणून विचारणार होते? वांगी घेणारं गिऱ्हाईक. फोन करायचा तर तो दादाच्या हातात जायचा. मग एका गुरुवारी दादाचाच फोन आला. खोली नियमाप्रमाणे गप्प झाली.

"आई गेली," तो म्हणाला. "मागच्या मयन्यात. तेरवीबी झाली. तुले आधी सांगतलं असतं तं तू आला असता."

त्यानं ते रागानं नाही सांगितलं. हिशोब सांगावा तसंही नाही. एखादी अडचण नीट निभावून नेली, ते सांगत होता. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. खोलीतल्या कोणाला काय झालं ते कळलं नव्हतं, त्या अजून गप्पच बसल्या होत्या, फोन चालू आहे समजून. शेवंती उठली आणि तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. त्या दिवशी तीच माझ्याजवळ बसून राहिली. तिनं हळूच विचारलं की मोटारीच्या खोलीतले कपडे अजून तिथेच असतील का, आणि तेव्हा मला रडू आलं.

शेवंती आजारी पडली त्याला त्यानंतर वर्षसुद्धा झालं नव्हतं. डोळे पिवळे झाले, मग पोटात पाणी झालं. तिनं आधी लपवलं आणि आम्ही आधी झाडपाल्याचं औषध दिलं, तेव्हा दोष वाटायचाच तर आमच्यातच वाटावा लागेल. दवाखान्यात तिला अकरा दिवस ठेवलं. सोनल आणि मी पाळीपाळीनं बसायचो. तिच्या आईचा फोन यायचा तेव्हा शेवंती उशी कवटाळून, आवाज ओढून काढून सांगायची की ओव्हरटाइम चालू आहे. शेवटचे दोन दिवस फोन वाजत राहिला आणि तिला उचलता आला नाही. आम्ही उचलायचा नाही, हा नियमच होता. पडद्यावर 'आई' असं यायचं आणि विझायचं. मी ते बघत बसायचे.

ती गुरुवारी दुपारी गेली. मी नालवाडीला आले, डबा उघडला, तिची चिठ्ठी काढली. दारात सोनल आणि बाकीच्या उभ्या होत्या. चिठ्ठीत शेवंतीच्या बारीक अक्षरात जुनं नाव होतं, गाव होतं, एक फोन नंबर होता. खाली लिहिलं होतं: घरी कळवू नका. माती तुम्हीच करा. हिरवी साडी. 'नका' खाली दोन रेघा होत्या.

मी चिठ्ठीची घडी घातली, कमरेला खोचली आणि सगळ्यांकडे बघून म्हटलं, घरी कळवा म्हणते.

का म्हटलं, याचं उत्तर मी पुढे अनेकदा दिलं आहे आणि प्रत्येक वेळी ते थोडं चांगलं करून दिलं आहे. खरं असं की मला त्या क्षणी शेवंती दिसतच नव्हती. पडद्यावर वाजणारी आई दिसत होती. आईच्या तेराव्यापर्यंत कोणी न कळवलेली मी दिसत होते. माझ्या बाबतीत जे कोणी केलं नाही ते आपण या बाईच्या बाबतीत करावं, असं मला वाटलं, आणि ते इतकं पुण्याचं वाटलं की खोटं बोलताना जीभसुद्धा अडखळली नाही. कोणी चिठ्ठी मागितली नाही. माझ्यावर विश्वास होता.

मी फोन लावला. एका पुरुषानं उचलला. शेवंतीचा थोरला भाऊ.

ते चौघं टेम्पो घेऊन दवाखान्यात आले. बाप, भाऊ आणि गावातले दोघं. आई नव्हती. मी विचारलं तर भाऊ म्हणाला, तिले घरीच ठेवलं, तिले सहन नाई होणार. ज्या बाईसाठी मी सगळं केलं होतं तिला कोणी आणलंच नव्हतं. सोनलनं हिरवी साडी पिशवीतून काढली होती. शेवंतीनं ती दिवाळीला घेतली होती आणि कधी नेसली नव्हती. भावानं साडीकडे पाहिलं आणि हात जोडले. शिव्या दिल्या असत्या तर सोनलनं दुप्पट दिल्या असत्या. तो हात जोडून म्हणाला, "मेहरबानी करा, तुमी आता जा. आमाले गावात राह्यचं हाय."

आम्ही रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या बंद गाड्याआड उभ्या राहिलो. तिथून व्हरांडा दिसत होता. त्यांनी कात्री आणली होती, म्हणजे घरून निघतानाच ठरवून आले होते. शेवंतीचे केस कमरेपर्यंत होते. सहा वर्षं तिनं ते वाढवले होते, गुरुवारी एकीनं तेल लावायचं आणि दुसरीनं विंचरायचं असं चालायचं. भाऊ मानेमागून कापत होता आणि कात्री चालत नव्हती, मग बापानं डोकं धरलं. नखांचा रंग ब्लेडनं खरवडला. नवा शर्ट आणला होता, घडीच्या रेषा तशाच, बटणं लावताना कॉलरमधला पुठ्ठा काढायचं राहून गेलं. मग टेम्पोत ठेवलं आणि नेलं. झाडणाऱ्या बाईनं केस एका कागदात गोळा केले. सोनल रस्ता ओलांडून गेली आणि ते घेऊन आली.

गावात अविवाहित मुलगा म्हणून माती झाली.

आठ दिवसांनी सोनलनं मला चिठ्ठी मागितली. खोलीत आम्ही दोघीच होतो. न देणं शक्य नव्हतं असं नाही, हरवली म्हणून सांगू शकले असते. पण एक खोटं पचलं नव्हतं तिथे दुसरं कुठे घालू? मी काढून दिली. तिनं वाचली, त्या दोन रेघांवर अंगठा फिरवला. ती ओरडेल अशी मी तयारी केली होती.

"तुले रडाचं होतं तं तुह्या मायसाठी रडाचं होतं, ताई," ती म्हणाली. "तिची चिठ्ठी काऊन वापरली?"

पुढच्या गुरुवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं.  एकेकीनं हात पुढे केला आणि मी एकेकीची चिठ्ठी परत केली. डब्यात शेवटी माझी एकटीचीच राहिली. सोनल हिंगणघाटला मैत्रिणीकडे निघून गेली. काही गुरुवार पोत्यावर दोनच जोड चपला असायच्या, एक काकूंच्या. मी खिचडी करायचे आणि उरलेली दुसऱ्या दिवशी खायचे. काकूंनी एकदा विचारलं, भांडण झालं का पोरीइचं? मी म्हटलं, नाही, भांडण नाही झालं. आमच्या घरच्यासारखंच झालं होतं.

गट मोडला नाही, पण त्याचं श्रेय माझं नाही. लोकांना ओळखपत्रं हवी होती, डॉक्टरकडे सोबत हवी होती, फोन आला की गप्प बसणारी माणसं हवी होती. महिन्याभरानं पुलगावचा तो न बोलणारा मुलगा आला आणि म्हणाला, डबा पाह्यजे, पण तुमच्याजवळ नको. त्यानं नवीन रीत काढली. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं स्वतःच्या पसंतीनं दोघांना ती आधीच वाचून दाखवायची, आणि वेळ आली की दोघांनी मिळून उघडायची. हळूहळू चिठ्ठ्या परत आल्या. आज पायरीवर पोतं पुरत नाही, चपला चक्कीच्या ओट्यापर्यंत जातात. बाहेरचे लोक येऊन आमचं कौतुक करतात, गट किती वाढला म्हणतात. मी मान हलवते. कोणाच्या कापलेल्या केसांवर ही रीत उभी आहे ते त्यांना सांगत नाही. किल्ली आता माझ्याकडे नसते. मी फॉर्म भरते आणि खिचडी करते.

सोनल थंडीत परतली. माझ्याशी कामापुरतं बोलायची. त्याच दिवसांत एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली, पदर डोक्यावर, हातात सांभार आणि वांग्यांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी. तिनं चपला पोत्यावर काढल्या आणि विचारलं, "फोन तुमीच केलता न, बाई?" तिच्या हातात एक कागदाचा तुकडा होता, त्यावर माझा नंबर होता. चक्कीचा पत्ता तिनं कुठून मिळवला ते मी विचारलं नाही. शेवंतीची आई होती. तेच कपाळ, तोच हळू आवाज.

ती भिंतीला टेकून बसली आणि तिनं माझे आभार मानले. "तुमी फोन केला म्हणून समजलं," ती म्हणाली, "नाई तं मी वाट पाहातच राह्यली असती." म्हणजे ज्यासाठी मी खोटं बोलले होते ते खरंच तसं होतं. मी ते ऐकून सुटायला हवं होतं. उलट सोनल गॅसजवळ पाठ करून उभी होती आणि तिची पाठ मला दिसत होती.

बाई थांबून थांबून बोलत राहिली. टेम्पो अंगणात आला तेव्हा तिला चेहरा दाखवला होता. पायावरची चादर सरकली तेव्हा करंगळीच्या नखाला लाल रंग राहिलेला तिनं पाहिला, आणि कोणाला दिसायच्या आत चादर ओढली. घरात त्यावर कोणी बोलत नाही. मग तिनं पिशवीतला सांभार काढून उगीच जुडी सारखी केली आणि विचारलं, "तुमी काय नावानं हाका मारत होते?"

 चिठ्ठीवर नका लिहिलेलं होतं, दोन रेघा ओढून. एकदा मी ते मोडलं होतं. पुन्हा मोडायचा हक्क मला नव्हता, आणि या बाईला रिकामं पाठवायचीही हिंमत नव्हती.

सोनल वळली. "शेवंती," ती म्हणाली.

बाईनं जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "बांधावर हे फूल लावतो आमी. दसऱ्याच्या आधी तोडाले तेच लेकरू राह्यचं पुढं." आणि ते नाव तिनं एकदा, सावकाश, स्वतःशीच म्हटलं.

सोनलनं आतून हिरवी साडी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. बाईनं घडी उलगडली, काठावरून हात फिरवला, चांगली हाय म्हणाली. मग होती तशी घडी घालून परत दिली. "घरी नेऊन ठेवू कुठी?" तिनं विचारलं, आणि ते आम्हाला विचारलेलं नव्हतं. उठताना तिनं आम्हा दोघींच्या हाताला हात लावला. कधी तिकडं आलं तं येजो, ती म्हणाली, वावर रस्त्यालेच लागून हाय, तिकडंच येजो. मी हो म्हटलं. त्या वाटेची मला सवय आहे.

सिंदीत राहिलेल्यांना वाटतं की आम्ही गाव विसरलो. मी नागपूरला कामानिमित्त जाते तेव्हा आजही त्या बाजूच्या खिडकीत बसते. फाटक येतं आणि जातं. मोटारीच्या खोलीला आता नवीन दार बसवलंय, ते गाडीतून दिसतं; खिळा आहे की नाही ते दिसत नाही. गाव तेच आहे. पण घर म्हणजे आता मला एवढंच कळतं की आपलं तोंड बंद झाल्यावर आपलं नाव कोणीतरी बरोबर सांगावं आणि आपल्या अंगावरचे कपडे बदलू नयेत. शेवंतीसाठी मी ते केलं नाही. माझ्यासाठी होईलच असं म्हणायला मी धजत नाही, फक्त लिहून ठेवू शकते.

म्हणून मागच्या गुरुवारी मी माझी चिठ्ठी नव्यानं लिहिली आणि सोनलला आणि पुलगावच्या त्या मुलाला वाचून दाखवली. दोघांपैकी एक तिनंच व्हावं म्हणून मी सोनलला विचारलं होतं, आणि ती दोन दिवस घेऊन हो म्हणाली होती. दादाचा नंबर तोच ठेवलाय. 'लगेच कळवा' खोडलं आणि त्या जागी लिहिलं, आधी माती, मग फोन. सोनलनं ते ऐकून माझ्याकडे पाहिलं आणि घडी घालून पिन मारली.

दादा, हे तुझ्या वाचनात आलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. तुला कळवतील, तेरवी झाल्यावर. आधी सांगितलं तर तू येशील.